लाकूड कुजवणारी बुरशी नवी आहे हे ठरतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडलेल्या ओंडक्यावर एखादी फळीसारखी बुरशी दिसते. फोटो काढला जातो, हाताशी असलेली पुस्तकं चाळली जातात, तसलं चित्र कुठेच सापडत नाही. मग हळूच विचारलं जातं, "ही नवी प्रजाती तर नसेल?" त्या एका प्रश्नाच्या पोटात आणखी बरेच प्रश्न असतात. जे सारखे कानावर येतात ते इथे घेतले आहेत.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. मराठीतले काही ग्रंथ स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'प्रजाती' म्हणतात, तर वर्तमानपत्रं स्पीशीजलाच 'प्रजाती' म्हणतात. इथे प्रजाती म्हणजे स्पीशीज आणि वंश म्हणजे जीनस. अनेक वंशांचं मिळून कुल होतं, अनेक कुलांचा गण, आणि संघ त्याहूनही वरचा, मोठा गट. आणि 'फळकाय' म्हणजे लाकडाबाहेर दिसणारी फळी, कान किंवा पापुद्रा. खरी बुरशी आत, लाकडात पसरलेली असते.

पुस्तकात सापडली नाही, म्हणजे नवीच ना?

बहुधा नाही. पुस्तकात प्रत्येक प्रजातीचे एक-दोन फोटो असतात, तेही ती ऐन बहरात असतानाचे. प्रत्यक्षात तीच बुरशी ओंडक्याच्या बाजूला कानासारखी उगवते आणि खालच्या अंगाला नुसता चिकटलेला पापुद्रा होऊन बसते. कोवळी असताना रंग एक, म्हातारी झाल्यावर दुसरा. काही फळकायं वर्षानुवर्षं जगतात. मधेच झाड कोसळलं तर छिद्रांचा नवा थर पुन्हा जमिनीकडे तोंड करून वाढतो आणि जुन्या फळीला काटकोनात नवी फळी फुटते. अशी वळलेली आकृती पाहून भलेभले फसतात.

पण आशा सोडावी असंही नाही. आजवर नाव मिळालेल्या बुरशी दीड लाखाच्या थोड्या वर आहेत आणि २०१७ मधला एक अंदाज एकूण आकडा २२ ते ३८ लाख सांगतो. दरवर्षी दोनेक हजार नव्या प्रजाती जाहीर होतात. म्हणजे नवं पुष्कळ शिल्लक आहे, फक्त 'मला ओळखता आली नाही' हा त्याचा पुरावा नव्हे.

'लाकूड कुजवणारी बुरशी' हा वर्गीकरणातला एक गट आहे का?

नाही. तो धंदा आहे, घराणं नव्हे. एकच धंदा करणारे अनेक घराण्यांत निघतात, तसंच हे.

धंद्याच्या पद्धती मात्र ओळखायला शिकाव्यात, कारण त्या बोटांना कळतात. लाकडात मुख्यतः सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना कडक धरून ठेवणारं लिग्निन. पांढऱ्या कुजीत बुरशी लिग्निनसकट सगळंच खाते. लाकूड फिकट होतं, मऊ पडतं, धाग्याधाग्यांनी सुटतं. तपकिरी कुजीत सेल्युलोज खाल्लं जातं आणि लिग्निन थोडं बदलून मागे राहतं. लाकूड गडद तपकिरी होतं, उभ्या-आडव्या भेगांनी त्याचे चौकोनी ठोकळे पडतात आणि एखादा ठोकळा चिमटीत चुरला तर त्याची पूड होते. तिसरी मऊ कूज. ती ओल्या लाकडात हळूहळू चालते आणि करणाऱ्या बुरशी बहुतेक वेगळ्याच संघातल्या, अ‍ॅस्कोमायकोटामधल्या असतात.

कुजण्यामागचं रसायन मजेशीर आहे. एन्झाइमचे रेणू मोठे असतात, न कुजलेल्या लाकडाच्या पेशीभित्तीत ते शिरू शकत नाहीत. तपकिरी कूज करणाऱ्या बुरशी म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह यांच्या अभिक्रियेतून अतिशय क्रियाशील, चिमुकले मूलक तयार करतात आणि भिंत आतून सैल करतात. पांढरी कूज करणाऱ्यांकडे लिग्निन फोडणारी पेरॉक्सिडेज एन्झाइम असतात. त्यांपैकी लिग्निन पेरॉक्सिडेज १९८३ मध्ये फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीत सापडलं. पुढे २०१२ मध्ये ३१ बुरशींच्या जनुकसंचांची तुलना झाली. लिग्निन फोडण्याची ही हातोटी सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, कार्बोनिफेरस कालखंडाच्या अखेरीस आली असावी, असं तिच्यातून निघालं. तपकिरी कूज करणाऱ्यांनी ती जनुकं नंतर गमावली, आणि हे एकदा नव्हे, वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळं घडलं. त्यामुळे तपकिरी कूज करणारे सगळे एकमेकांचे भाऊबंद नसतात.

ओळख पटवताना याचा उपयोग असा, की एका वंशातले सदस्य सहसा एकाच प्रकारची कूज करतात. पांढरी कूज करणाऱ्या वंशात तुम्ही एखादा नमुना बसवायला निघालात आणि त्याच्याखालचं लाकूड ठोकळ्यांनी फुटलेलं असेल, तर वंशच चुकला आहे असं समजा.

नमुना घेताना काय नोंदवायचं?

झाड कोणतं, जिवंत की मेलेलं, उभं की पडलेलं. बुरशी सालीवर, बाहेरच्या रसकाष्ठावर की गाभ्यातून आलेली. ताजेपणीचा रंग, वास, आणि बोटाने दाबल्यावर रंग बदलतो का. हे सगळं तिथल्या तिथे लिहायचं, कारण वाळल्यावर यातलं निम्मं उडून जातं. झाड ओळखता येत नसेल तर लाकडाचा तुकडा ठेवा. लाकडाच्या रचनेवरून निदान झाडाचा वंश नंतर काढता येतो. सुरीने फळकाय नुसतं खरवडून घेऊ नका, खालच्या कुजक्या लाकडासकट कापा. आणि जंगल ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी आधी घ्या. ती नसलेला नमुना पुढे प्रसिद्ध करताना घशात अडकतो.

पिशवी कागदाची हवी. प्लास्टिकमध्ये नमुना घामेजतो आणि रात्रीत त्यावर दुसरीच बुरशी चढते. मंद उष्णतेवर, ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, तो अगदी खडखडीत वाळवायचा, मग काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवायचा. हा दुसरा टप्पा मी एकदा आळसाने टाळला. सहा महिन्यांनी पाकीट उघडलं तर आत जाडसर पापुद्रा, बाकी पिठासारखा भुगा आणि त्यात फिरणारे दोन मिलिमीटरचे भुंगे. फळकायावरच जगणारं असं भुंग्यांचं एक अख्खं कुल आहे, सिइडी नावाचं. तो नमुना नवा होता की नाही, हे आता त्या भुंग्यांनाच ठाऊक.

फोटोवरून किंवा ॲपवरून कळेल?

वंशापर्यंत कधीकधी. नवी आहे की नाही, हे कधीच नाही.

मायक्रोस्कोपखाली नेमकं काय बघतात?

नव्या ब्लेडने फळकायाचा इतका पातळ काप घ्यायचा की तो काचेवर जवळजवळ दिसेनासा व्हावा. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. काही नमुने त्या थेंबाखाली बघता बघता काळेकुट्ट होतात आणि तसेच राहतात. असं झालं की हायमेनोकीटेसी कुलाकडे वळायचं. मग त्याच कापात दाट तपकिरी, टोकदार, जाड भिंतीचे काटे दिसतात का ते शोधायचं. त्यांना सीटी म्हणतात. या कुलातल्या पुष्कळ प्रजातींत ते असतात.

त्यानंतर तंतू, म्हणजे ज्या बारीक धाग्यांचं फळकाय बनलेलं असतं ते. १९३२ मध्ये ई. जे. एच. कॉर्नर यांनी फळकायातल्या तंतूंचे प्रकार लावून दिले, आणि ही मांडणी आजही रोज वापरात आहे. पातळ भिंतीचे, वाढणारे जनक तंतू सगळ्यांतच असतात. काहींत जोडीला जाड भिंतीचे, सरळसोट सांगाडा-तंतू असतात, तर काहींत त्यांना गुंतवून धरणारे, फांद्या फुटलेले बंधक तंतूही. एकच प्रकार असेल तर मोनोमिटिक, दोन असतील तर डायमिटिक, तिन्ही असतील तर ट्रायमिटिक. सगळीकडे दिसणारी रंगीत पट्ट्यांची ट्रॅमेटिस व्हर्सिकलर ट्रायमिटिक आहे. फळी हाताने फाडताना ती चामड्यासारखी चिवट का लागते, ते त्या गुंत्यातून कळतं.

जनक तंतूंवर क्लॅम्प आहेत का, हा पुढचा प्रश्न. दोन पेशींमधल्या पडद्यापाशी कपाच्या कानासारखा एक छोटा फुगवटा असतो, तो क्लॅम्प. हायमेनोकीटेसी कुलात तो नसतो. जुन्या नमुन्यात जनक तंतू चिपाडासारखे दबलेले असतात, म्हणून वाढत्या कडेचा तुकडा घ्यायचा. 'क्लॅम्प नाहीत' असं लिहिण्याआधी दोन तास शोधा. 'आहेत' म्हणायला मात्र एकच पुरे.

शेवटी बीजाणू. मेल्झरचं द्रावण आयोडिनचं असतं. त्यात काही बीजाणू निळे-काळे होतात, काही लालसर तपकिरी, काहींवर काहीच परिणाम होत नाही, आणि या तिन्हींना वेगवेगळा अर्थ आहे. कॉटन ब्ल्यू या रंगात काहींची भिंत गडद निळी होते. गॅनोडर्माचा बीजाणू तर एकदा पाहिला की विसरत नाही. त्याला दोन भिंती असतात, मधे बारीक खांब, आणि टोक छाटल्यासारखं.

बीजाणू किती मोजायचे?

एका नमुन्यातले किमान ३०, तेही १००० पट मोठे करून, तेलाच्या भिंगाखाली. शक्य तर फळकायाने आपणहून सोडलेले बीजाणू घ्यावेत, कारण कापातले पुष्कळदा कच्चे असतात. नोंद अशी होते: लांबी (४.८–)५–६(–६.३) मायक्रोमीटर. कंसातले आकडे म्हणजे टोकाचे, क्वचित दिसणारे. लांबी-रुंदीचं गुणोत्तर वेगळं द्यायचं. अर्ध्या मायक्रोमीटरच्या फरकावर प्रजाती उभी करायची असेल तर एकाच फळकायावर विसंबू नये, आणि तुलनेतला जुना नमुनाही त्याच द्रावणात, त्याच हाताने मोजलेला असावा. इतरांच्या पुस्तकातले आकडे आणि आपले आकडे शेजारी ठेवून काढलेले निष्कर्ष मला तरी पटत नाहीत.

डीएनए केला की निकाल लागतो ना?

डीएनएमुळे प्रश्न धारदार होतो. निकाल लागायला आणखी बरंच लागतं.

सुरुवात आयटीएस या तुकड्यापासून होते. रायबोसोमच्या जनुकांच्या मधला, साधारण ५०० ते ७०० अक्षरांचा हा पट्टा २०१२ मध्ये बुरशींचा सर्वसाधारण बारकोड म्हणून सुचवला गेला. तो वाचून सार्वजनिक डेटाबेसमध्ये टाकायचा आणि जवळचं कोण आहे ते बघायचं. इथे पहिला खड्डा आहे. डेटाबेसमधलं नाव ज्याने टाकलं त्याने नमुना कसा ओळखला होता, ते आपल्याला दिसत नाही. २००६ मधल्या एका तपासणीत, प्रजातीच्या पातळीवर पाहिलं तर बुरशींच्या सुमारे २० टक्के नोंदींची नावं चुकीची असू शकतात, असं निघालं होतं. म्हणून शंभर टक्के जुळणीपेक्षा मूळ प्रमाण-नमुन्यातून (ज्या एका नमुन्याला प्रजातीचं नाव कायमचं बांधलेलं असतं त्यातून) काढलेल्या अक्षरांच्या क्रमाशी झालेली जुळणी मोलाची.

दुसरा खड्डा ओलाव्याचा. एका सुंदर, अनोळखी फळीचा क्रम वाचून आला आणि डेटाबेसने ठणकावून सांगितलं, ट्रायकोडर्मा. नमुना पुन्हा पाहिला तर छिद्रांच्या तोंडाशी हिरवट बुरा होता. फळीवर चढलेल्या बुरशीचाच डीएनए निघाला होता. तेव्हापासून मी तुकडा फळीच्या आतून, नव्या ब्लेडने घेतो.

मग इतर जनुकं वाचायची. २८एस, टीईएफ१, आरपीबी२ ही नेहमीची. प्रत्येक जनुकाचा स्वतंत्र वंशवृक्ष काढायचा. तुमचे सगळे नमुने प्रत्येक वंशवृक्षावर एकत्र, इतरांपासून वेगळे बसले, तर हा गट बाहेरच्यांशी जनुकांची देवाणघेवाण करत नाही असं म्हणायला आधार मिळतो. एका वंशवृक्षावर वेगळे आणि दुसऱ्यावर शेजाऱ्यांत मिसळलेले असतील तर थांबा.

किती टक्के फरक असला की नवी प्रजाती?

असा आकडा नाही. ३ टक्क्यांचा जो आकडा ऐकू येतो तो मातीतल्या किंवा लाकडातल्या हजारो क्रमांची ढोबळ गटवारी करायला ठीक आहे. काही वंशांत दोन पक्क्या वेगळ्या प्रजातींच्या आयटीएसमध्ये जेमतेम फरक असतो, तर काही वंशांत एकाच फळकायातही या पट्ट्याच्या एकाहून अधिक आवृत्त्या निघतात.

दिसायला अगदी सारख्या, तरी वेगळ्या प्रजाती कशा?

याचं माझं आवडतं उदाहरण हेटरोबेसिडिऑन अ‍ॅनोसम. उत्तर गोलार्धातल्या सूचिपर्णी जंगलांत मुळं आणि बुंधा कुजवणारी ही बुरशी. रॉबर्ट हार्टिग यांनी १८७० च्या दशकात हिच्यावर काम करून दाखवलं की बुरशीमुळे लाकूड कुजतं. तोवर लाकूड कुजल्यामुळे बुरशी निपजते, अशी समजूत होती. पुढे शंभर वर्षं युरोपात ही एकच प्रजाती मानली गेली. १९७८ मध्ये कारी कोरहोनेन यांनी वेगवेगळ्या फळकायांच्या एकेका बीजाणूपासून वाढवलेल्या वसाहती बशीत शेजारी लावल्या. जोडी जमली की मिळालेल्या तंतूंवर क्लॅम्प येतात. काही जोड्यांत ते भराभर आले, काहींत जवळजवळ आलेच नाहीत. ज्या जमल्या नाहीत त्यांतले एक मुख्यतः पाइनवरचे निघाले, दुसरे स्प्रूसवरचे. फरवरचा तिसरा गट नंतर वेगळा काढला गेला. तरी औपचारिक नावं यायला १९९८ उजाडलं: स्प्रूसवरची हेटरोबेसिडिऑन पार्व्हिपोरम, फरवरची अ‍ॅबिएटिनम, आणि जुनं अ‍ॅनोसम हे नाव पाइनवरचीकडे राहिलं. पार्व्हिपोरम म्हणजे बारीक छिद्रांची. बशीतल्या प्रयोगाने वेगळेपण दाखवल्यावर लोकांनी भिंग लावून छिद्रं मोजली, तेव्हा तिथेही थोडासा फरक निघाला. तो आधीपासून होताच.

त्याच वर्षी कोरहोनेन यांनी युरोपातल्या आर्मिलारिया मेलिया या 'एका' बुरशीचेही असेच पाच गट पाडले.

जुन्या नावांच्या मागे एवढं का लागायचं?

कारण तुमच्या नव्या बुरशीला दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं असण्याची शक्यता नेहमीच असते. वंशवृक्षावर वेगळी फांदी मिळाली तरी ती बिननावाची आहे हे सिद्ध व्हायचंच असतं. त्यासाठी त्या वंशातली सगळी जुनी नावं, समानार्थी म्हणून बाजूला टाकलेलीसुद्धा, काढायची आणि त्यांचे प्रमाण-नमुने बघायचे. खरं काम हेच, आणि सगळ्यांत कंटाळवाणंही. प्रमाण-नमुना कधी हरवलेला असतो, कधी नखाएवढा उरलेला, कधी इतका जुना की डीएनए निघत नाही.

गॅनोडर्मा ल्युसिडमचं पाहा. हे नाव १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या नमुन्याला बोलेटस ल्युसिडस म्हणून मिळालं आणि १८८१ मध्ये कार्स्टेन यांनी त्यासाठी गॅनोडर्मा हा वंश काढला. पुढे चकचकीत लाखी टोपीची जी कुठली बुरशी जगात कुठेही दिसली तिला हेच नाव लावलं गेलं, पूर्व आशियात लागवड होणाऱ्या लिंगझीलाही. डीएनएने लिंगझी वेगळी ठरली. २०१२ मध्ये तिला गॅनोडर्मा लिंगझी हे नाव मिळालं, आणि लगेच वाद उभा राहिला की १९८३ मधलं गॅनोडर्मा सिचुआनेन्से हे नाव याच बुरशीचं आहे, म्हणून तेच चालायला हवं. बुरशी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत, तरी नावावर भांडण.

छिद्रं आहेत, म्हणजे पॉलिपोरेसी कुल?

एलियास फ्रीस यांच्या काळात उत्तर 'हो' आलं असतं. १८२१ ते १८३२ या वर्षांत आलेल्या त्यांच्या ग्रंथात छिद्रं, पडदे, दात अशा खालच्या पृष्ठभागाच्या आकारावर गट पाडले होते. पण छिद्रं ही सोय आहे, थोड्या जागेत जास्त बीजाणू मावतात, आणि ती अनेकदा स्वतंत्रपणे उद्भवली. वर आलेल्या छिद्रवाल्या हेटरोबेसिडिऑनचे जवळचे नातलग रुसुलेलीस गणात सापडतात: पडद्यांची छत्रीवाली रुसुला, दातांची हेरिशियम, गुळगुळीत स्टेरियम. म्हणून वंश आणि कुल ठरवताना आधी जनुकांचा वृक्ष, मग त्याला दुजोरा देणारी सूक्ष्म लक्षणं. नवा वंश काढायचा मोह मात्र आवरावा. एका लांब फांदीवर एकटीच प्रजाती बसली म्हणून लगेच नवा वंश काढणाऱ्यांना पुढची माणसं फारसे आशीर्वाद देत नाहीत.

नाव देण्याचे नियम काय आहेत?

शैवाल, बुरशी आणि वनस्पतींची आंतरराष्ट्रीय नामकरण संहिता पाळावी लागते. थोडक्यात, प्रजाती इतरांहून कशात वेगळी आहे ते लॅटिन किंवा इंग्रजीत लिहायचं (इंग्रजीची सवलत २०१२ पासूनची), एकच प्रमाण-नमुना नेमायचा आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयात) आहे ते सांगायचं. १ जानेवारी २०१३ पासून नोंदणी क्रमांकही सक्तीचा आहे. तो मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्समधून मिळतो. तो मिळाला म्हणजे कुणी प्रजाती तपासून मान्य केली असं नाही, फक्त नाव वहीत चढलं. जिवंत, वाढत असलेली वसाहत प्रमाण-नमुना होऊ शकत नाही, तिची वाढ गोठवून किंवा शुष्क करून थांबवलेली असावी लागते. नुसता डीएनएचा क्रमही चालत नाही.

नावातला दुसरा शब्द, म्हणजे विशेषण, व्याकरणात वंशाच्या लिंगाशी जुळायला हवं. अर्थ तुमच्या मर्जीचा: व्हर्सिकलर म्हणजे रंगीबेरंगी. सर्प्युला लॅक्रिमन्समधली लॅक्रिमन्स म्हणजे रडणारी, कारण तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात. स्वतःचंच नाव द्यायला संहितेची बंदी नाही, पण लोक हसतात.

एकाच नमुन्यावर प्रजाती जाहीर करावी का?

नियमाने चालतं. मी वाट बघेन. पुढच्या हंगामात त्याच ओंडक्यावर आणि शक्य तर दुसऱ्या जागी ती पुन्हा मिळाली, तर कोणतं लक्षण पक्कं आणि कोणतं त्या वर्षीच्या पावसाचं, ते कळतं.

नवी निघाली तर खाता येईल? औषधी असेल?

नाव मिळाल्याने यातलं काहीही कळत नाही. खाऊ नका.

मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

हेटरोबेसिडिऑनकडेच परत जाऊ. ती ताज्या तोडलेल्या बुंध्यावर बीजाणूंनी बसते आणि मुळांतून शेजारच्या झाडात जाते. म्हणून तोडणीनंतर लगेच बुंध्यावर फ्लेबिऑप्सिस जायगँटिया ही निरुपद्रवी बुरशी लावून जागा आधीच अडवतात. पण जंगलात कोणती हेटरोबेसिडिऑन आहे ते ठाऊक नसेल, तर पुढची लागवड कशाची करायची हे ठरवता येत नाही. स्प्रूसवरची आणि पाइनवरची यांच्या आवडीनिवडी वेगळ्या आहेत, हे तीन नावं वेगळी झाल्यावरच नीट मांडता आलं.

पुढे वर्गीकरण बदललं तर माझं नाव फुकट जातं का?

जात नाही. वंश बदलतो, विशेषण सहसा सोबत जातं. झाडांची मुळं मारणारी फेलिनस नॉक्सियस २०१८ मध्ये पायरोडर्मा वंशात गेली आणि लिंग जुळवायला नॉक्सियम झाली. नमुना होता तिथेच असतो. हर्बेरियममध्ये पाकिटावरची जुनी चिठ्ठी काढत नाहीत. नवं मत असलेला माणूस आपली चिठ्ठी, तारीख आणि सही घालून तिच्याशेजारी चिकटवतो. काही पाकिटांवर पाच-सहा चिठ्ठ्या असतात, सगळ्यांत खालची शाईने लिहिलेली, पिवळी पडलेली. वाचायला सुरुवात तिथून करायची.